दुधाबिगर

कण्या शिजत आल्या की पातेल्यातला आवाज बदलतो. आधी पाण्याची खळखळ असते, मग ती जडावते, आणि शेवटी तळातून एकेक बुडबुडा सावकाश वर येऊन फटकन फुटतो. आई सोप्यात जोंधळे पाखडत असायची, तरी तिला तो आवाज कळायचा. "झाल्या बघ, जाळ मागं ओढ," असं तिथूनच सांगायची. जात्यावर जाडसर भरडलेला जोंधळा, सुपानं पाखडून पीठ नि कोंडा वेगळा काढलेला, मीठ घालून मऊ शिजवलेला. त्या कण्या थाळीत पसरून निवू द्यायच्या, वर ताक ओतायचं, बाजूला बुक्कीनं फोडलेला कांदा आणि कांदा-लसणाची चटणी. तापातून उठल्यावर पहिलं जेवण हेच. परीक्षा देऊन आल्यावर हेच. आबा गेले तेव्हा तेराव्यानंतर, पाव्हणेरावळे पांगल्यावर, रिकाम्या घरात आम्ही तिघांनी न बोलता हेच खाल्लं होतं.

म्हणून चार वर्षांपूर्वी मी दूध सोडलं, तेव्हा बासुंदी आठवली नाही, पेढा आठवला नाही. ताक-कण्या आठवल्या.

आमचं गाव करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या पुराचं पाणी वर्षाआड शिवारात येणारं. गोठ्यात चार म्हशी. माझं सगळं शिक्षण त्या चार म्हशींनी केलं, यात अतिशयोक्ती काही नाही. सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत घालायचं, फॅट काय लागली ते पासबुकात लिहून आणायचं, आणि दर दहा दिवसांनी बिल. शाळेची फी, गाइडबुकं, एसटीचा पास, माझ्या डोळ्यांचा पहिला चष्मा, सगळं त्या दहा दिवसांच्या बिलातून. 1970 साली सुरू झालेल्या ऑपरेशन फ्लडचा इतिहास मी पुढं पुस्तकात वाचला. पण त्याच्या खूप आधी आईच्या कनवटीला आलेला पैसा मी पाहिला होता. ऊस कारखान्याला जायचा, त्याचं बिल आबांच्या नावावर यायचं, वर्षातून एकदोनदा. दुधाचा पैसा मात्र आईचा होता. तो मागायला तिला कुणापुढं उभं राहावं लागत नव्हतं. दुधाबद्दल वावगं बोलायला माझी जीभ आजही धजत नाही, ती यामुळं.

आबांबरोबर कधी कोल्हापूरला जायचं काम निघालं, की परतताना ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर थांबायचे. तिथं म्हशी रांगेनं उभ्या असतात, समोर धार काढतात, आणि फेसाळलेला कोमट पेला हातात देतात. ओठांवर आलेली पांढरी मिशी आबा स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसायचे. माझ्या आयुष्यातल्या सुखाच्या यादीत तो पेला अजून आहे. मी तो खोडलेला नाही.

पण त्याच यादीच्या पाठीमागच्या पानावर दुसरं काही आहे. धार काढताना रेडकू ओढून धरायचं काम माझं होतं. म्हैस पान्हा सोडत नाही तोवर रेडकाला सडाशी लावायचं. ते ढुशा देतं, शेपटी हलवतं, चार घोट त्याच्या पोटात जातात. आचळं भरली की आई म्हणायची, "हं, वढ." मग मी दावं धरून मागं ओढायची. आठ वर्षांची मी, आणि भुकेलं जनावर. दाव्याचा काथ्या तळव्यात रुतायचा. रेडकू माझ्याकडं बघत नसायचं, आपल्या आईकडंच बघायचं, त्याच्या तोंडाभोवती फेस असायचा. रेडी असली तर तिच्या वाट्याला थोडं जास्त राहायचं, कारण ती उद्याची म्हैस. टोणगा असला तर त्याच्याकडं फारसं कुणी बघत नसे. तो वाळत जायचा. एखाद्या सकाळी खुट्टा रिकामा दिसायचा, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. आमच्या घरात क्रूर असं कुणी नव्हतं. म्हैस आजारी पडली तर आई रात्र-रात्र गोठ्यात बसायची. तरीही तो खुट्टा रिकामा व्हायचा.

चार वर्षांपूर्वीच्या श्रावणात मी गावी गेले होते. म्हैस नुकतीच व्यायलेली. भावाचा मुलगा, वय वर्षं नऊ, दावं धरून मागं रेलला होता. टाचा शेणात रुतलेल्या, ओठ दाबलेले. धार संपल्यावर त्यानं तळवे चड्डीला पुसले आणि त्यांच्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. वहिनीनं चहा आणला, तो तसाच राहिला. त्या दिवसापासून दूध नाही. मटण त्याआधीच सुटत आलं होतं, तेही मग सुटलं.

आईला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा खूशच झाली. "माळ घातलीस व्हय गं?"

माळकऱ्यांचं घर आमच्या गल्लीत होतं. मटण-मासळी सोडणं, एकादशी धरणं, हे तिला समजणारं होतं. मी म्हटलं, माळ नाही, दूधही नाही. ती थांबली. "माळकरी बी दूध पित्यात की."

हे खरंच होतं. तिच्या जगात मी करत होते त्याला शब्द नव्हता. इंग्लंडात 1944 साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेगन’ हा शब्द घडवला, तो त्यांच्या ‘व्हेजिटेरियन’ या शब्दाचं डोकं आणि शेपूट जोडून. तो मी आईला कशी सांगणार? शेवटी तिनंच शब्द काढला. शेजारणीला सांगताना मी ऐकलं: "आमची ही दुधाबिगर खाती." मला तो शब्द आवडला. त्यात झेंडा नव्हता, काय वगळलं एवढंच होतं.

वगळणं सोपं असतं. अवघड असतं ते त्याच ताटावर बसून राहणं. पहिले काही महिने मी शहरातल्या दुकानातून डबे आणले, त्यावर परदेशी चित्रं, आत पांढरे चौकोनी तुकडे. पनीरसारखं काहीतरी, चीजसारखं काहीतरी. ते खाताना मला फार एकटं वाटलं. पनीर हे आमच्या घरचं कधी नव्हतंच. जे माझं नव्हतं त्याची नक्कल करून माझी कुठली भूक भागणार होती? मला हवं होतं ते कण्यांवरचं ताक. आणि ताकासाठी आधी दही हवं होतं.

दही शेंगदाण्याचं करायचं ठरवलं. आमच्या माळाच्या रानात भुईमूगच होतो, शेंगा पोत्यानं घरात. वाटीभर दाणे रात्री भिजत घातले, सकाळी चोळून लाल सालं काढली, पाट्यावर नाही, मिक्सरवरच वाटले, चार वाट्या पाणी घालून पंचातून पिळले. निघालेलं दूध दिसायला थेट दुधासारखं, वास मात्र कच्च्या दाण्याचा. ते उकळावं लागतं, सारखं ढवळत, नाहीतर बुडाला धरतं. उकळल्यावर कच्चा वास बराच जातो. मग बोट सोसवेल इतकं कोमट झालं की विरजण.

विरजणच कुठं होतं? विरजण म्हणजे कालचं दही. आमच्या घरात विरजण कधी संपलं नाही. संपलंच तर शेजारून वाटीभर यायचं, आणि त्यांचं संपलं तर आमच्याकडून जायचं. माझ्या दह्याला कालचा दिवसच नव्हता. तेव्हा हिरव्या मिरच्यांची देठं कामी आली. दही आंबवणारे जिवाणू मिरचीच्या देठांवर मुळातच असतात. विरजण नसलं तर देठं टाकून दुधाचंही दही लावतात. दहाबारा देठं धुऊन टाकली, भांडं घोंगडीत गुंडाळून ठेवलं.

पहिल्यांदा लागलं नाही. दुसऱ्यांदा पाणी वेगळं, गोळा वेगळा. तिसऱ्यांदा असा वास आला की भांडं घासूनही जाईना. दुधाच्या दह्यात केसीन असतं. आंबटपणा वाढला की त्याचे कण एकमेकांना धरतात आणि जाळं विणतात, त्या जाळ्यात पाणी अडकून राहतं, म्हणून कवडी पडते. शेंगदाण्यात केसीन नाही. त्याची प्रथिनं धरतात, पण सैल धरतात. मग मी उकळताना चमचाभर तांदळाचं पीठ कालवलं, आणि उन्हाळ्यापर्यंत थांबले. वैशाखातल्या एका रात्री लावलेलं दही सकाळी भांडं तिरकं केलं तरी हललं नाही. देठं वर तरंगत होती. ती काढून टाकली आणि बोटानं चाखलं. आंबट होतं. खरं आंबट, लिंबू पिळलेलं नव्हे, रात्रभर कुणीतरी काम करून आणलेलं. त्यातलं दोन चमचे मी बाजूला ठेवलं. आता माझ्याकडं कालचं दही होतं. दुसरं लागलं ते पहिल्यापेक्षा घट्ट, तिसरं त्याहून.

ताक केलं. कण्या शिजवल्या. थाळीत ओतलं, कांदा फोडला. लोण्याचा कण नव्हता त्या ताकात, आणि गिळताना मागं दाण्याचा हलका गोडसरपणा राहत होता. तरी त्या दिवशी मी दोनदा वाढून घेतलं.

चहाचं फार सांगत नाही. दुधातलं केसीन चहाचा तुरटपणा स्वतःकडं ओढून घेतं, म्हणून दुधाचा चहा मऊ लागतो. ते नसलं की चहा जिभेला धरतो. मी काजू नि ओट्स एकत्र वाटून बघितलं, बदाम बघितले, सोयाबीन बघितलं. शेवटी गवती चहा, आलं आणि गुळाचा कोरा चहा घेते. ज्याची जागा भरत नाही ती तशीच सोडावी असं मला वाटतं. तुपाचंही तसंच. खोबरेल तेलात पेरूची पानं नि कढीपत्ता घालून मंद तापवलं तर वास तुपाच्या अगदी उंबऱ्याशी जातो, आणि त्याला कारणही आहे: लोण्याच्या आणि नारळाच्या वासात लॅक्टोन नावाची काही संयुगं सारखीच असतात. वरणभातावर ते छान लागतं. पण लोणी कढवल्यावर तळाशी उरते ती बेरी, साखर घालून पातेलं खरवडून खायची ती, ती कशाचीच होत नाही. बेरी माझ्यासाठी संपली. पुरणपोळीला मात्र काही अडलं नाही. गुळवणीत नारळाचं दूध घातलं की झालं.

रविवारचा प्रश्न वेगळा होता. कोल्हापूरच्या घरात रविवारी सकाळी अकराला एक वास असतो, तो गल्लीत शिरल्याबरोबर कळतो. तांबडा आणि पांढरा. पहिले काही रविवार मी गावाला गेलेच नाही. मग एकदा आई पांढरा रस्सा करत असताना शेजारी बसून नीट बघितलं, जसं आधी कधी बघितलं नव्हतं. तीळ, खसखस, काजू भिजवून बारीक वाटलेले. नारळाचं दूध, पहिलं वेगळं नि दुसरं वेगळं. आलं-लसूण. तेलात तमालपत्र, दालचिनी, लवंग, वेलदोडे, मिरे. हळद नाही, तिखटाची पूड नाही. आणि मटण शिजवलेलं पाणी, मटणाचं अळणी. म्हणजे ज्याला आम्ही पांढरा म्हणतो त्यातला पांढरा रंग जनावराचा नव्हताच कधी. तो नारळाचा होता, तिळाचा होता, खसखशीचा होता. एका अळणीपुरता तो माझ्यापासून लांब होता.

अळणीला जड, खोल चव हवी. नुसत्या भाज्यांच्या पाण्यात ती येईना. फ्लॉवर घातला तर रस्सा फ्लॉवरचाच व्हायचा. मग धिंगरी अळंबी आणली. आधी कोरड्या तव्यावर पाणी आटेपर्यंत भाजली, कडा तपकिरी झाल्या, मग अख्खा भाजलेला कांदा, ठेचलेल्या लसणाच्या दहाबारा पाकळ्या, मिरे आणि मीठ घालून पाऊण तास मंद उकळली. मांसाच्या रस्स्याला जी भरीव चव असते, तिच्यातला मोठा वाटा ग्लुटामेटचा, आणि तो अळंबीतही भरपूर असतो. गाळून घेतलं. त्यात वाटण, दुसरं दूध, आणि शेवटी पहिलं. पहिलं दूध घातल्यावर रस्सा खदखदू द्यायचा नाही, नाहीतर फुटतो. एका हातानं पळी फिरती ठेवायची आणि कडेला बुडबुडे दिसले की उतरवायचा. पहिल्या वेळी फोन वाजला म्हणून मी पळी सोडली, आणि रस्स्यावर तेलाचे डोळे आले, खाली चोथा. दुसऱ्या वेळी पळी सोडली नाही.

भावानं वाटी तोंडाला लावली, ओरपली, आणि वाटी पुढं केली. आणखी वाढ असा त्याचा अर्थ. तो त्याचं मटण खात होता, मी माझी अळंबी. पण पातेलं पांढऱ्याचं एक होतं, त्या दिवसापासून एकच असतं. मांसाचं अळणी तो वेगळं पितो.

खरवस करायचं मात्र मी दोन वर्षं टाळलं. म्हैस व्याली की पहिले काही दिवस दूध संस्था घेत नाही. तो चीक, तापवला की फाटतो. गूळ, वेलदोडा, जायफळ घालून आई तो वाफवायची, वड्या पाडायची, गल्लीत वाटायची. ज्या वाटीतून खरवस गेला ती वाटी रिकामी परत यायची नाही, निदान गुळाचा खडा तरी यायचा. फार उशिरा मी वाचलं, की गाई-म्हशींच्या पोटात असताना वासराला आईकडून रोगाशी लढायची ताकद मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि तीही जन्मल्यापासून साधारण एका दिवसाच्या आतच आतडी ती शोषू शकतात. मऊ, थरथरणाऱ्या त्या वड्या ज्या गोष्टीमुळं घट्ट होत, त्यात हीच ताकद होती. हे कळल्यावर मला माझे तळवे आठवले.

नारळाचं दूध चायना ग्रासवर लावून खरवस करतात, तो मी आधी केला. दिसतो सुरेख. पण दाताखाली कडकन तुटतो. खरवस तुटत नाही, आधी दबतो, मग सुटतो. मग मुगाची डाळ सहा तास भिजवली, गुळगुळीत वाटून गाळली, दाट नारळाच्या दुधात मिसळली, गूळ विरघळवला. मुगातलं पिष्ट आणि प्रथिनं, दोन्ही उष्णतेनं धरतात. कुकरला शिट्टी न लावता वीस मिनिटं वाफवलं. मुगाचा वास थोडा होता, त्याला जायफळ जास्त किसलं. निवल्यावर सुरी घातली, ती स्वच्छ बाहेर आली, आणि वडी ताटलीत पडताना हलली. तशीच हलली.

डबा घेऊन गावी गेले. आई गोठ्याच्या दगडावर बसली होती. आता एकच म्हैस आहे. गुडघे साथ देत नाहीत. मी डबा उघडला. तिनं विचारलं, "कशाचं?" सांगितलं. तिनं एक वडी घेतली, खाल्ली. मग दुसरी घेतली. वहिनी म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही तर खरवस खात न्हाईसा."

मी आईकडं बघितलं. लहानपणची प्रत्येक वेळ आठवून बघितली. आई वड्या पाडत होती, वाटत होती, ताटल्या भरत होती. तिच्या तोंडात वडी गेलेली एकदाही आठवेना. आपल्याला उरावं म्हणून ती घेत नसेल, असंच मी समजत आले होते.

"खाईत नव्हतो," आई म्हणाली. पदराला बोटं पुसली. "हे खातो. हे कुणाच्या तोंडचं न्हाई."

पुढं ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. म्हशीनं कान हलवले. आईनं उठून तिच्यापुढं वैरण सारली.

परवा सकाळी सहाला तिचा फोन आला. एवढ्या सकाळी फोन म्हटलं की छातीत धस्स होतं. "अगं, मिरचीची देठं हिरव्याच मिरचीची घालायची न्हवं? का लाल चालत्यात?" मी म्हटलं, हिरवीच घाल. "हिरवीच घातल्यात," ती म्हणाली, "पर वर पाणी सुटलंय. ढवळू का तसंच ऱ्हाऊ दे?" मी सांगितलं, ढवळू नको, वरचं पाणी ओतून घे, आणि दोन चमचे बाजूला काढून ठेव, उद्याच्याला. ती थोडा वेळ गप्प होती. चमचा भांड्याला लागल्याचा आवाज आला.

"ठेवलं," ती म्हणाली. "सांजच्याला ये. कण्या टाकतो."